ऊन पाण्याच्या वाटा

बालाघाटाच्या पठारावर जन्मलेल्या माणसाचा पाण्याशी पहिला संबंध जुळतो तो पाण्याच्या दुर्भिक्ष्यामुळे. ते ऊन आहे की गार, हा विचार त्याला फार उशिरा सुचतो. तुळजापूरचे कल्लोळ तीर्थ, नळदुर्गाच्या पाणीमहालावरून भर पावसाळ्यात कोसळणारी बोरी नदी, येडशीच्या रामलिंगाजवळचा धबधबा ही आमच्या धाराशिव जिल्ह्याची सारी जलसंपदा शीतल आहे. भूगर्भात तापून आपण होऊन वर येणारे पाणी आमच्या वाट्याला आले नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याची ओढ मला जन्मभर पुरली.

त्या ओढीचे मूळ आमच्या मळ्यातल्या विहिरीत असावे. पौषातल्या पहाटे पोहरा वर आला की पाण्यावर वाफ तरंगताना दिसे, आणि हात घातला तर ते चक्क कोमट लागे. जमिनीच्या पोटात ऊब असते, असे आजी सांगत असे. खोल पाण्याचे तापमान बारमास जवळजवळ एकच राहते, बदलते ती वरची हवा, हे शास्त्र मला पुढे कळले. पण ते कळल्यानंतरही आजीचे म्हणणे खोटे ठरले नाही, उलट अधिक खोल अर्थाने खरेच निघाले.

वडील तहसील कचेरीत होते. कचेरीच्या दफ्तरातले जुने उर्दू कागद अजून निकालात निघायचे होते, त्या काळात त्यांच्या एका स्नेह्याची बदली किनवट तालुक्यात झाली. हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. संधिवाताने जेरीस आलेल्या आजीला घेऊन आम्ही त्या स्नेह्यांकडे मुक्कामाला गेलो आणि तेथून उनकेश्वराला. व्याधिग्रस्त शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून येथे ऊन पाणी काढले, अशी तेथील कथा. हीच कथा जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवलाही तितक्याच श्रद्धेने सांगतात. कुंडाच्या पायरीवर बसून आजीने गुडघ्यापर्यंत पाय सोडले आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताठरपणा हळूहळू उतरत गेला. गंधकाच्या वासाने आधी नाक मुरडणारा मी त्यानंतर त्या पाण्यातून बाहेर यायला तयार होईना.

शिक्षकाचा पेशा पत्करल्यावर, सुट्टीत तरुण मुलामुलींना पाठीवर सॅक देऊन पायी हिंडवण्याचा जो प्रघात मी पाडला, त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वाट संगमेश्वर तालुक्यातली. रात्रीच्या एस. टी.ने निघून, आंबा घाट उतरून, साखरपा-देवरूखमार्गे आम्ही मुंबई-गोवा महामार्ग गाठत असू, आणि आरवलीपासून पायी चालायला प्रारंभ करीत असू. आरवली, तुरळ आणि राजवाडी ही ऊन पाण्याची तीन स्थाने एका दिवसाच्या चालीत येतात, आणि मध्ये कोकणची सारी रूपे भेटतात: जांभ्याचा उघडा सडा, ऐन-किंजळीची दाट सावली, आणि खाली उतरले की गुळगुळीत गोट्यांवरून धावणारा एखादा पऱ्या. मार्गशीर्षातही वाहते पाणी पाहून आमची पठारी मुले प्रथम हरखत आणि मग पाय टाकायला बिचकत. एकमेकांचे मनगट धरून, सॅक डोक्यावर घेऊन ती पलीकडे जात. कोणी घसरून कमरेइतके भिजला तर त्याचे कपडे पुढच्या कुंडावर सुकत.

तुरळच्या कुंडाशी मी मुलांना आधी नुसते पाहायला लावी. तळाच्या गाळातून बुडबुड्यांची एक माळ सुटते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सुटते. कडेच्या दगडांवर हिरव्या-तपकिरी शेवाळाचा मऊ थर असतो, पण पाणी जेथून उसळते तेथे दगड स्वच्छ, कारण तेवढा दाह ते शेवाळही सोसत नाही. मग प्रयोगशाळेतला तापमापक दोरीला बांधून खाली सोडायचा. पारा साठ अंशांच्या आसपास स्थिरावला की प्रत्येकाला तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा असे. पश्चिम किनाऱ्यालगतच्या सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात असे साठेक झरे आहेत, आणि खेडजवळच्या उन्हवऱ्याचे पाणी तर सत्तरीलाही पोचते. मणिकर्णच्या गुरुद्वारात उकळत्या कुंडात फडक्यात बांधलेला तांदूळ शिजतो, हे मी सांगितले की मुलांची डब्यातली भाकरी अर्धवट राहत असे.

अशाच एका सहलीत लोहारा तालुक्यातली एक मुलगी कुंडाजवळ येईना. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली आणि दहा हजारांच्या घरात माणसे गेली, तेव्हा ती तान्ही होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवद, जे आमच्याकडे उन्हाळ्यात घर थंड ठेवी, तेच झोपलेल्यांवर कोसळले. तिच्या घरातली किती माणसे त्याखाली राहिली हे मी विचारले नाही. पुनर्वसित गावात वाढलेल्या त्या मुलीने मला एवढेच विचारले, "सर, खाली असं उकळतंय म्हणल्यावर, हितली जमीन बी हालंल की?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मी तिला सांगितले की दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला आणि केव्हाच निवला. हे पाणी त्याने तापत नाही. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांनी खोल उतरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते, आणि दोनअडीच किलोमीटर खाली जाऊन आलेले पाणी मग असे वर येते. आमच्याकडेही खोलवर हीच उष्णता आहे. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६०० मीटरहून खोल विंधनविवर घेतले, त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. ज्या भूखंडाला आपण अढळ समजत आलो, त्यातही जुने भंग आहेत आणि त्यांवर ताण साठतो. जमीन येथेही हलू शकते, ती कोठे हलणार नाही असे वचन मी देऊ शकत नाही, हेही मी तिला सांगितले. खोटा धीर देणे मला अधर्म वाटले. हानी झाली ती मात्र बव्हंशी घरांच्या बांधणीमुळे, आणि ती माणसाच्या हातची गोष्ट आहे.

ती बराच वेळ बसून राहिली. दुपारी राजवाडीला, सोमेश्वराच्या देवळाशेजारच्या कुंडावर, तिने तापमापक स्वतः मागून घेतला, आकडा वहीत टिपला, आणि मग पाय पाण्यात सोडले.

ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आपल्या वर्गाला त्या वाटेने नेण्याविषयी तिने मला पत्राने सल्ला विचारला, तेव्हा मी सविस्तर उत्तर धाडले: ग्रामस्थांची अनुज्ञा आधी घ्यावी; तुरळच्या उगमात कोणालाही उतरू देऊ नये, उताराकडच्या निवत्या पाण्यातच स्नान करावे; आणि साबण मुळीच नेऊ नये, कारण कुंडातून वाहून जाणारे पाणी शेवटी त्यांच्या शेतांत आणि नदीत जाते. भूकंपाचा विषय काढावा की काढू नये, असे तिने पत्राच्या अखेरीस विचारले होते. अवश्य काढावा, आणि कुंडाच्या काठावरच काढावा, असे मी लिहिले.