ठळक छापलेले आकडे

५ जानेवारी

नव्या वर्षातला पहिला सोमवार. सर्दी-खोकल्याइतकेच आज रिपोर्ट घेऊन आलेले लोक होते. डिसेंबरात सवलतीचं ‘फुल बॉडी चेकअप’ बऱ्याच जणांनी करून घेतलंय. पीडीएफ रात्री व्हॉट्सॅपवर येते, एखादा आकडा ठळक छापलेला दिसतो, झोप उडते, आणि सकाळी दार उघडायच्या आधी माणूस पायरीवर बसलेला असतो.

आजचे पहिले एक शिक्षक. बिलिरुबिन १.७, छापलेली मर्यादा १.२. “मॅडम, कावीळ आहे का? लिव्हरला काही झालंय का?” एसजीपीटी, एसजीओटी व्यवस्थित, हिमोग्लोबिन उत्तम, आणि वाढलेलं जवळजवळ सगळं बिलिरुबिन ‘इनडायरेक्ट’. रक्त दिलं शुक्रवारी सकाळी. गुरुवारी त्यांचा निरंकार उपास होता, हे विचारल्यावर कळलं. उपाशी राहिलं की काही जणांचं बिलिरुबिन असंच चढतं. त्यांच्या यकृतातलं एक विकर जन्मापासून जरा कमी काम करतं. गिल्बर्ट या फ्रेंच डॉक्टरांनी सहकाऱ्याबरोबर १९०१ साली या अवस्थेचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव तिला मिळालं. औषध लागत नाही, पथ्य नाही. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज असती, तर मी पुढच्या तपासण्या आजच लिहिल्या असत्या. त्यांना सांगितलं, दोन-तीन आठवडे नेहमीसारखं जेवा आणि मग पुन्हा तपासा.

७ जानेवारी

रेंज कशी ठरते ते समजावून सांगायला वेळ जातो, तरी मी सांगते. निरोगी माणसांचा मोठा गट घेऊन त्यांचं रक्त तपासतात. सर्वांत कमी आलेले अडीच टक्के आणि सर्वांत जास्त आलेले अडीच टक्के वगळतात. मधले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच जणं पहिल्यापासूनच रेंजबाहेर धरलेली आहेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकाच निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. पॅकेजात तर साठ-सत्तर आकडे असतात.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांत धरायचे नाहीत. त्यांच्या मर्यादा धोका कुठून वाढतो ते पाहून ठरवल्या आहेत. एचबीए१सी ५.९ आलं तर ते ‘थोडंसंच’ म्हणून मी सोडून देत नाही. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि चालणं, वजन, जेवण यांकडे लक्ष देण्याची हीच वेळ.

८ जानेवारी

लग्न ठरलेली एक मुलगी आईबरोबर आली. वय २६, हिमोग्लोबिन १०.९. आई म्हणाली, “कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. बीट झालं, खजूर झाला, गूळ-शेंगदाणे झाले. हिचं रक्त काही वाढत नाही. सासरी काय सांगू?”

सीबीसीमध्ये हिमोग्लोबिनच्या खालीही ओळी असतात. त्यांत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ६४ होता. तो ८० च्या वर असावा लागतो. आणि पेशींची संख्या ५६ लाख, बाईमाणसाच्या मानाने चांगलीच जास्त. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, पण त्यांची संख्याही सहसा कमी होते. इथे पेशी लहान आणि संख्या मात्र चढी. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचं, ही साधी रीत मेंटझर यांनी १९७३ साली दिली. उत्तर १३ च्या वर असेल तर लोहाच्या कमतरतेकडे बघायचं, खाली असेल तर थॅलेसेमियाच्या वाहकाकडे. ६४ भागिले ५.६, उत्तर ११.४. हा अंदाज आहे, यावर निदान करता येत नाही. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, लिहून दिलं.

जुने रिपोर्ट आईने जपून ठेवले होते. पिशवीतून एकेक निघाले: १०.७, ११, १०.८. आकडा जागचा हललेला नाही. इतकी वर्षं दर वेळी तोच एक आकडा बघून तीच गोळी लिहिली गेली, याचं फार वाईट वाटलं.

१० जानेवारी

७२ वर्षांच्या आजींचं टीएसएच ६.२, टी४ व्यवस्थित. मुलगा थायरॉइडची गोळी सुरू करा म्हणून मागे लागलेला. आजी नुकत्याच न्यूमोनियातून उठल्यात, आणि आजारातून उठताना टीएसएच काही दिवस वर जातं. शिवाय या वयात ते थोडं जास्त असणं वेगळं नाही. युरोपात ६५ च्या पुढच्या ७३७ जणांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. टीएसएच थोडं वाढलेल्या या लोकांना गोळी देऊन थकवा किंवा इतर लक्षणं कमी झाली नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं ठरलं.

संध्याकाळी एकाचं पोटॅशियम ५.९. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून आलेलं सॅम्पल, रिपोर्टखाली ‘हिमोलाइझ्ड’ असा शेरा. नळीतच पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. तरीही इथे वाट बघायची नसते, कारण खरोखर वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. तासाभरात पुन्हा रक्त घ्यायला लावलं. ४.४.

१४ जानेवारी

एचपीएलसी आलं. एचबीए२ ५.३ टक्के, ३.५ च्या वर असलं की वाहक धरतात. फेरिटिन भरपूर. मुलगी बीटा थॅलेसेमियाची वाहक आहे. आजारी नाही, आयुष्यभर अशीच धडधाकट राहील. लोहाच्या गोळ्या आजपासून बंद.

आई म्हणाली, “आमच्यात असलं काही नसतं, ते सिंधी लोकांत असतं ना?” सिंधी, लोहाणा समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण वाहक कुठल्याही जातीत सापडतात. मग खरा मुद्दा सांगितला. होणारा नवराही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दोघं वाहक निघाले तरी लग्न मोडायचं कारण नाही. गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्यात करता येते, फक्त आधी माहीत हवं.

मुलीने विचारलं, “त्याला कसं सांगू?” म्हटलं, इथे घेऊन ये, मी सांगते.

१९ जानेवारी

मुलगा आपण होऊन आला, तपासणी करूनच. एचबीए२ २.६, एमसीव्ही ८७. तो वाहक नाही. त्यांच्या मुलांपैकी कोणी आईसारखं वाहक निघू शकेल, पण मेजरची काळजी नाही. मुलीच्या धाकट्या भावालाही तपासायला सांगितलं.

२३ जानेवारी

या महिन्यातला सर्वांत चिंतेचा आकडा ठळक छापलेला नव्हताच. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी, वय ५८, अंगाने बारीक, दहा वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन १.१, रेंजच्या आत. त्यांच्या सुनेने जुने रिपोर्ट आणले म्हणून दिसलं: आधी ०.७, मग ०.९, आता १.१. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे बारीक बाईचा १.१ आणि धिप्पाड पुरुषाचा १.१ सारखा नसतो. वय आणि बाई असणं हिशेबात धरून मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग काढला तर ५८ येतो, आणि ६० च्या खाली गेलं की लक्ष घालायलाच हवं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज एक वेदनाशामक गोळी घेत होत्या. ती आजच बंद केली, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी लिहिली, तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा.

दवाखान्याच्या दारावर उद्या कागद लावायचा आहे. त्यावर एवढंच लिहीन: रिपोर्ट दाखवायला येताना जुने सगळे रिपोर्ट बरोबर आणा, फाटलेले असले तरी चालतील. रक्त देण्याआधी उपास, ताप, जड व्यायाम झाला असेल आणि कुठल्याही गोळ्या चालू असतील, अगदी दुकानातून आणलेल्यासुद्धा, तर ते सांगा.