केबलसाठी भिंतीत वाट

भिंतीवर टीव्ही लावायचा म्हणजे भिंतीला भोकं पाडून ब्रॅकेट बसवायचा, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यासमोर असतं. खरं काम वायरींचं असतं. आमच्याकडे तर तो आईच्या चालण्याचा प्रश्न होता. ती वॉकर घेऊन हॉलमध्ये फिरते, आणि जुन्या टीव्हीखालचा एक्स्टेन्शन बोर्ड, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर यांच्या वायरी तिच्या पायाशी यायच्या. नवा टीव्ही घेतानाच तिने सांगितलं होतं, "जमिनीवर एकही वायर दिसायला नको हं."

आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं काम करणारे वायरमन काका आले. आल्या आल्या ते भिंतीवर बोटांनी ठोकत फिरले. डावीकडे प्लास्टरखाली कॉलम होता. "इथे कटर चालवायचा नाही, आत सळई आहे," त्यांनी बजावलं. उरलेली भिंत सहा इंची, विटांची. तिच्यातही वायरींसाठी कोरायची खाच, म्हणजे झिरी, उभीच मारायची, कारण लांबलचक आडवी झिरी भिंतीची ताकद खाते. म्हणून टीव्ही आणि खालचं युनिट एका रेषेत घ्यायचं ठरलं.

उंचीसाठी मी वर्तमानपत्रं जोडून टीव्हीच्या मापाचा कागद कापला. ४३ इंच हे माप कर्णाचं. रुंदी भरते साधारण साडेसदतीस इंच आणि उंची एकवीस. तो कागद चिकटवून आईला तिच्या खुर्चीत बसवलं आणि तिची मान वर होणार नाही इतपत खाली आणला. पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर आला.

मग पाइपचा विषय निघाला. घरातल्या वायरिंगला वापरतात तो २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप इथे उपयोगाचा नाही. एचडीएमआय केबल बारीक असली, तरी तिच्या टोकाचा प्लग वीसेक मिलिमीटर रुंद असतो आणि वळणावर तो हमखास अडकतो. काकांनी ४० मिलिमीटरचा पाइप घेतला, तोही सरळ, मध्ये एकही एल्बो न लावता. टीव्हीची पॉवर कॉर्ड मात्र त्यात घालू दिली नाही. ती कॉर्ड उघड्यावर वापरण्यासाठी असते. भिंतीत तिचं आवरण खराब झालं तर कळणारही नाही. त्यांनी स्विचबोर्डापासून वेगळ्या पाइपमधून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग नेऊन टीव्हीमागे सॉकेट दिला. तो कुठे बसवायचा हेही त्यांनी टीव्ही हातात घेऊन ठरवलं. टीव्हीची पाठ वरच्या भागात पातळ असते, तिथे थ्री-पिन प्लगला जागा मिळते. बटण खालच्या बोर्डावर ठेवलं, म्हणजे आईचा हात पोहोचतो.

कटरने दोन रेघा मारून मधला भाग छिन्नीने काढला. धूळ प्रचंड उडाली. सामान ओल्या चादरींनी झाकलं होतं म्हणून निभावलं. पाइप बसल्यावर गवंड्याने वर जाळी ठोकून सिमेंट भरलं, कारण जाळीशिवाय झिरीच्या कडेने पुढे तडा जातो. पाणी मारून ते पक्कं होऊ दिलं, मग पुट्टी आणि रंग.

केबल ओढताना काकांनी सोबत नायलॉनची दोरी पाइपमध्ये सोडून ठेवली. तिचं मोल मला नंतर कळलं. घरात फायबर इंटरनेट आलं, तेव्हा टीव्हीपर्यंत लॅन केबल न्यायची होती. दोरीला केबल आणि नवी दोरी बांधून ओढली. भिंतीला हातही लावावा लागला नाही. पूर्वीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना जाऊन एचडीएमआय आली, तिच्या जागी उद्या आणखी काही येईल. भिंत तीच राहणार. म्हणून भिंतीत केबल गाडू नये, तिच्यासाठी वाट ठेवावी.

भाड्याच्या घरात फोडाफोड शक्य नसते. माझ्या भावाने तिथे केसिंग-कॅपिंगची पट्टी लावून भिंतीचाच रंग दिला. झाकण उघडून केबल बदलता येते, घरमालकाची तक्रारही नाही.

आमच्या घरी आणखी एक गोष्ट मी आवर्जून केली. झिरी बुजवण्याआधी मेजरटेप भिंतीला धरून फोटो काढले आणि ते घरातल्या सगळ्यांना पाठवले. पुढे कोणी फ्रेम टांगायला खिळा ठोकेल, तेव्हा विजेचा पाइप नेमका कुठून गेलाय हे त्याला आधी पाहता आलं पाहिजे.