एक दिवस पुढे

मी बालाघाटचा, असे इथे बेळगावात सांगितले की समोरचा मान डोलावून म्हणतो, "म्हणजे बीडकडचे!" मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगररांगेने माझ्या गावाचे नाव असे परस्पर पळविले आहे. माझे बालाघाट मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी, गोंदियाहून चाळीसेक किलोमीटरवर आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही जागचे न हलता भोपाळचे झालो. त्याच दिवशी बेळगावही जागचे न हलता म्हैसूर राज्यात आले. तेव्हा एखादी तारीख माणसाचे काय काय करू शकते, हे इथल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. आज मात्र मी सांगणार आहे ती तारीख फार साधी आहे. ती एका हॉकी सामन्याची आहे.

आमच्या वस्तीत दर १५ ऑगस्टला एक हॉकी सामना होतो. त्याला ना ढाल, ना करंडक. एका बाजूला आम्ही गाववाले, दुसऱ्या बाजूला वसतिगृहात राहून शिकणारी मुले. ही मुले बहुतेक बैहरच्या बाजूची, घाटावरच्या गोंड आणि बैगा वस्त्यांतली. सकाळी झेंडावंदन व्हायचे, लाडू वाटले जायचे, आणि दहाच्या सुमारास बाजारामागच्या मैदानावर दोन्ही संघ उतरायचे. सामन्याची सुरुवात अजूनही जुन्या पद्धतीने, बुलीने होते. जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून भजी आणि चहा. हा सामना कोणी सुरू केला हे कोणालाच आठवत नाही. माझे काकाजी तरुणपणी त्यात गोलकीपर होते, एवढे मला ठाऊक आहे.

आता आमच्याकडचा ऑगस्ट कसा असतो हे सांगितले पाहिजे. जिल्हा धानाचा. शेताच्या बांधीत पाणी साचले नाही तर आमचे पोट भरत नाही, आणि मैदानात पाणी साचले तर आमचा खेळ होत नाही. पाऊस एकच, आणि त्याच्याकडे मागणी मात्र दोन प्रकारची! २०२२ च्या १५ ऑगस्टला मैदानाची अशी काही बांधी झाली होती की तिथे रोवणी केली असती तरी चालले असते. चेंडू चिखलात रुतून बसायचा आणि त्याच्यावर पाच-सहा स्टिका तुटून पडायच्या. अशाच एका गर्दीत मी घसरलो आणि डाव्या मनगटाचे हाड मोडून घेतले. दीड महिना हात गळ्यात बांधून हिंडलो. पुढे जे झाले त्यात या मनगटाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या जुलैत, नेहमीच्या चहाच्या टपरीवर मी विषय काढला, "सामना हिवाळ्यात का घेऊ नये? २५ डिसेंबरला सुट्टी असते. मैदान कोरडे, ऊन कोवळे, बघायला माणसेही येतील."

टपरीवर जणू बॉम्ब पडला! हॉकीवर प्रेम करणारी माणसे क्रिकेटवाल्यांपेक्षा संख्येने कमी असतात, पण भांडायला बसली की ती उणीव भरून काढतात. एका गुरुजींनी सुचविले की सामना २९ ऑगस्टला घ्यावा. त्या दिवशी ध्यानचंदांची जयंती, १९०५ सालची, आणि राष्ट्रीय क्रीडादिनही. त्यावर दुकानदार म्हणाला, "जयंती खरी, पण सुट्टी कुठे असते? आणि पाऊस काय तुमच्या जयंतीला थांबणार आहे?" कोणी २६ जानेवारी काढली, तर त्या दिवशी शाळांची संचलने. कोणी पोळ्याचा दुसरा दिवस, नारबोदचा, सुचविला. पण पोळ्याला गावोगावचे लोक आपापल्या गावी असणार, शहरात कोण येतो? माझ्या बरोबरीच्या मुलांनी टोकियोचा दाखला दिला. २०२० चे ऑलिंपिक साथीमुळे अख्खे एक वर्ष पुढे गेले, आणि ५ ऑगस्ट २०२१ ला भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्यपदक आणले. हॉकीत पदक यायला एक्केचाळीस वर्षे लागली होती. जगाचा एवढा मोठा मेळा पुढे ढकलता येतो, तर आमच्या भजी-चहाच्या सामन्याची काय कथा?

काकाजी आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "पोट्टेहो, हॉकी चिखलात नाही खेळायची तं काय बैठकीत गादीवर खेळायची?"

मी म्हणालो, "काकाजी, आता सगळी हॉकी टर्फवर असते. माती गेली ती १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून."

"असंन. पण त्या टर्फवर बी सामन्याच्या आधी पाणी मारतेत ना? ते पाण्याले भेत नाहीत, अन् तू भेतं!"

सगळे हसले. काकाजींना चेव आला आणि त्यांनी बर्लिनची कथा सुरू केली. ती त्यांना तोंडपाठ आहे. १९३६ चे ऑलिंपिक, अंतिम सामना जर्मनीशी. याच जर्मनीने स्पर्धेआधीच्या सरावाच्या सामन्यात आपल्याला ४-१ असे हरविलेले, त्यामुळे सगळ्यांच्या मनात धाकधूक. निघण्यापूर्वी पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या त्या संघाने खोलीतल्या खोलीत त्याला वंदन केले. मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत फक्त एक गोल झाला. मग ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढले, रबरी तळव्यांचे बूट घातले, आणि शेवटी ८-१! "अन् तारीख कोणती? पंधरा ऑगस्ट! स्वातंत्र्याच्या अकरा वर्षं आधी!" इथे काकाजींचा आवाज दर वेळी भरून येतो.

पण मी त्या दिवशी वादाला पेटलो होतो. मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी पटकन बोलून गेलो, "काकाजी, तो सामना मुळात १४ ऑगस्टला होता. पावसाने मैदान भरले म्हणून पुढे ढकलला. खुद्द ध्यानचंदांचा सामना पुढे ढकलता येतो, तर आपला का नाही?"

काकाजींना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण या बाजूने त्यांनी त्याकडे कधी पाहिले नसावे. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कपातला उरलेला चहा संपविला आणि उठून गेले. हात वर करून मतदान झाले आणि २५ डिसेंबर ठरला. काकांना निरुत्तर केले याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आज तो आठवला की मान खाली जाते.

वाचकहो, त्या मतदानात एक साधी गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही. टपरीवर हात वर करणाऱ्यांत वसतिगृहातला एकही मुलगा नव्हता.

२५ डिसेंबर २०२३ उजाडला. मैदान कोरडे ठणठणीत. चुन्याच्या रेघा अशा पांढऱ्याशुभ्र की पाहतच राहावे. बघायला माणसेही बरीच आली. आम्ही अकराच्या अकरा इस्त्रीच्या कपड्यांत हजर. दहा वाजले, साडेदहा वाजले. समोरच्या बाजूला सात मुले. अकराला आठवा आला. तो त्यांचा गोलकीपर. पहाटेची बस पकडून घाट उतरून आला होता. केसांत धानाचे तूस तसेच होते.

मी विचारले, "बाकीचे?"

तो हिंदीतच बोलला, पण बोलला ते असे: भैया, सगळे घरी आहेत. धान चुरायचे चालले आहे. मलाही संध्याकाळच्या बसने परत जायचे आहे. १५ ऑगस्टला आम्ही इथेच असतो. झेंडावंदन झाले की दिवसभर काही नसते, म्हणून सामन्याची वाट बघतो.

यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याने पॅड बांधले आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. पण मी मात्र तिथल्या तिथे गार झालो. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही शहरात पेढे वाटले होते. तो चिन्नोर उशिरा तयार होतो, आणि हिवाळा म्हणजे कापणी-मळणीचे दिवस, हे आम्हांला नुसते पुस्तकात ठाऊक. आमची सुट्टी कॅलेंडरवर लाल शाईने छापलेली असते. त्यांची सुट्टी शेत ठरवते. ऑगस्टच्या मध्याला रोवणी उरकलेली असते आणि पोरे वसतिगृहात परत आलेली असतात. हा सामना चिखलाच्या दिवसांत कोणीतरी वेडेपणाने ठेवला असे मी समजत होतो. ज्याने ठेवला त्याला दोन्ही बाजूंची माणसे ठाऊक होती.

आमच्यातले तिघे त्यांच्या बाजूने खेळले आणि आम्ही ७-० ने जिंकलो. इतका वाईट सामना मी आयुष्यात खेळलो नाही. चहा आणि भजीही आम्हीच आणली. तो गोलकीपर दोन भजी कागदात बांधून चारच्या बसला गेला.

रात्री काकाजी अंगणात शेकोटीपाशी बसले होते. मी जाऊन जवळ बसलो. बराच वेळ ते निखारे हलवीत राहिले. मग म्हणाले, "बापू, तू म्हटलं ते खरं होतं. बर्लिनले बी सामना पुढं ढकलला. पण एक दिवस ढकलला. चार महिने नाही. अन् दुसऱ्या दिवशी समोर तेच अकरा होते."

माझ्या सगळ्या युक्तिवादाला एवढेच उत्तर होते, आणि ते त्यांना जुलैतही देता आले असते. मी विचारले, "मग त्या दिवशी का नाही बोललात?" ते म्हणाले, "मले बी त्या रोजी नाही सुचलं. आज मैदानावर आठ पोट्टे पाहिले तवा सुचलं."

२०२४ च्या जुलैत पुन्हा बैठक झाली. या खेपेस वसतिगृहाच्या व्हरांड्यात. नवा नियम ठरला. सामना १५ ऑगस्टलाच. पाऊस अगदीच कोसळला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, शाळा भरण्यापूर्वी. खिळ्यांचे बूट कोणी घालायचे नाहीत, म्हणजे चिखलात हाडे मोडायची नाहीत. या नियमाला आम्ही आपसांत 'बर्लिन' म्हणतो. "यंदा बर्लिन करावे लागेल काय?" असे आता आमच्याकडे आभाळाकडे पाहून विचारतात.

तो सामना मात्र मी खेळलो नाही. तोवर शिक्षणासाठी बेळगावात आलो होतो. ८ ऑगस्टला पॅरिसमध्ये भारताने स्पेनला २-१ ने हरवून पुन्हा कांस्य मिळविले होते, त्यामुळे गावाकडे उत्साहाला भरती आलेली. बेळगावही हॉकीला परके नाही. शंकर लक्ष्मण मूळचे आमच्या मध्य प्रदेशातल्या महूचे, पण खेळले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीकडून, जिचे केंद्र इथे बेळगावात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला १-० ने हरविले तेव्हा गोलमध्ये तेच उभे होते, आणि बेळगावचे बंडू पाटीलही त्याच संघात होते. काकाजींनी मला निरोप देताना हे दोन्ही सांगून ठेवले होते, जणू परगावी ओळखीचे कोणी असावे म्हणून.

१५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून मी खोलीवर आलो. बाहेर इथलाही पाऊस होता. दहाच्या सुमारास फोन लावला. काकाजींनी उचलला.

"पाऊस आहे का?"

"हाय ना. रपरप चालू हाय."

"मग? बर्लिन?"

"कायचं बर्लिन! दोन्हीकडले अकरा उभे हायेत." आणि त्यांनी फोन मैदानाकडे धरला असावा, कारण मला पुढे त्यांचा आवाज आला नाही. आधी नुसता पाऊस ऐकू आला. मग दोन स्टिका तीनदा एकमेकींवर आपटल्या, आणि मोठा गलका उठला.