रायण वृक्षाची ओळख

पालीताण्याच्या तळेटीपासून साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून दादांच्या टुंकेत पोहोचलेला यात्रेकरू रायण वृक्षाला प्रदक्षिणा घालतो आणि त्याखालील आदिनाथ प्रभूंच्या पादुकांसमोर नतमस्तक होतो. प्रभू पूर्व नव्व्याण्णव वेळा या गिरीवर पधारले, अशी श्रद्धा आहे. मात्र तोच वृक्ष परतीच्या वाटेवर एखाद्या कोरड्या रानात उभा असला, तर पुष्कळांना ओळखू येत नाही. मराठीत त्याला खिरणी किंवा रांजणी म्हणतात. संस्कृतात राजादन व क्षीरिणी.

ओळखीची पहिली खूण म्हणजे पान. ते जाड, चिवट, वरून गर्द हिरवे व चकचकीत, खालून फिकट असते. पाने फांदीच्या टोकाशी दाटीने येतात, आणि प्रत्येकाचे टोक गोलसर असून मधोमध किंचित खाचलेले असते. बकुळ याच कुळातील. तिचे पान मात्र टोकदार व कडेने लहरदार असते. भर उन्हाळ्यात आजूबाजूचे पळस-साग निष्पर्ण होतात, तेव्हा रायणीची सावली दुरूनही दिसते. साल काळपट व भेगाळलेली असते. पान तोडल्यास पांढरा चीक येतो, पण ओळखीसाठी झाडाला इजा करण्याचे कारण नाही. खाली पडलेले पान पुरे.

चिकामुळे एक शंका हटकून येते. वड, पिंपळ, उंबर यांची चीक असलेल्या झाडांची फळे अभक्ष्य, मग रायण कशी चालते? रायण उंबराच्या वर्गातील नव्हेच. ती चिकू व मोह यांची सगोत्र. फळ बोटाच्या पेराएवढे, पिवळे, अतिशय गोड. आत बहुधा एकच तकतकीत बी. उंबरासारखी जंतूंनी भरलेली पोकळी त्यात नसते. वर्षीतपाच्या पारण्यासाठी अक्षयतृतीयेला जाणाऱ्या कुटुंबांना त्या सुमारास गुजरातच्या बाजारात ही फळे दिसतात. वाळवलेली रायण कोकडी तर पुढेही मिळते.

लाकूड इतके कठीण व जड की जुन्या काळी घाण्याची लाट आणि घराचे खांब त्याचे करीत. हाच गुण झाडाच्या मुळावर आला, कारण रायण फार सावकाश वाढते आणि तोडलेल्या वृक्षाची जागा एका पिढीत भरून निघत नाही. चिकूची कलमे मात्र आजही खिरणीच्या खुंटावर बांधतात. डहाणू-घोलवडच्या वाडीतील एखाद्या जुन्या कलमाच्या बुंध्याशी, जोडाच्या खाली, कधी एखादा फुटवा येतो. त्याची पाने निरखावीत. टोकाशी तीच खाच असते.