क्षमेची किंमत

क्षमा हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. गाडीत कुणाच्या पायावर पाय पडला तर 'माफ करा', लग्नाला जायचे राहिले तर 'क्षमस्व', आणि पत्राच्या उत्तराला सहा महिने लागले तरी 'क्षमा असावी' एवढ्यावर भागते. देवाच्या बाबतीत तर आपण आणखीच निर्धास्त असतो. नातवाने लोणच्याची बरणी फोडली तरी "जाऊ दे, लेकरू आहे" म्हणणाऱ्या आजीसारखा तो आहे, अशी आपली समजूत. मलाही हा देव आवडतो. पण मास्तरकीत इतकी वर्षे काढल्यावर त्याच्याविषयी एक शंका मनात घर करून बसली आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याच्या दप्तरातून सहलीचे दोनशे रुपये काढले. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन, रडत रडत कबुली दिली. पैसे खर्च होऊन गेले होते. त्याचे हुंदके ऐकून सारा वर्ग कळवळला. "सर, माफ करा ना त्याला!" असा एकच गलका झाला. तेवढ्यात माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली. ज्याचे पैसे गेले तो मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. माफी मागायला सगळा वर्ग होता, माफ करायला मी होतो. आणि किंमत मात्र त्या पोराने मोजायची होती. मी क्षमा केली असती तर तो दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म झाला असता!

सगळ्याच गुन्हेगारांना सोडून देणाऱ्या न्यायाधीशाला आपण दयाळू म्हणत नाही. फिर्यादीच्या डोळ्यांतले पाणी त्याला दिसलेच नाही, असे म्हणतो. बायबलातल्या देवाचे पावित्र्य असेच डोळेझाक न करणारे आहे. यशया संदेष्ट्याला देवाचे दर्शन झाले तेव्हा त्याला आनंद झाला नाही. आपण अशुद्ध ओठांचे आहोत या जाणिवेने तो हादरला. मग एका देवदूताने वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला आणि त्याचे पाप दूर झाले. तिथली क्षमासुद्धा निखाऱ्यासारखी आहे.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक ख्रिस्ती आहेत. नगरकडचे, त्या नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. त्यांच्या कानावर ही हकीकत गेली. त्यांनी दोन्ही मुलांना बोलावले आणि चोरी करणाऱ्याच्या देखत दुसऱ्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवले. आदल्या दिवशी रडणारा तो मुलगा त्या वेळी रडला नाही. नुसता पाहत राहिला. नंतर मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, क्षमा केल्यानं कर्ज नाहीसं होत नाही. ते कुणाच्या तरी नावे पडतंच. आमचा विश्वास एवढाच, की देवानं ते स्वतःच्या नावे मांडून घेतलं."

हा विचार ख्रिस्ती पंडितांनी फार खोल नेला आहे. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने 'देव माणूस का झाला?' या प्रश्नावर एक संवादग्रंथ लिहिला आणि हद्दपारीत असताना, १०९८ साली, इटलीत तो पुरा केला. त्यात बोसो नावाचा शिष्य अडवून अडवून प्रश्न विचारतो. अन्सेल्मचे म्हणणे असे : पापाने देवाचे देणे बुडते. ते माणसाने फेडायला हवे, पण त्याची ऐपत नाही. ऐपत एका देवाची, पण देणेकरी तो नव्हे. म्हणून फेडणारा देवही हवा आणि माणूसही हवा.

पुढच्याच शतकात आबेलारने याला हरकत घेतली. निरपराध्याचे रक्त मागणे हा न्याय की क्रौर्य? ख्रिस्ताचे मरण म्हणजे माणसाच्या मनात प्रीती पेटवणारे प्रेम, असे तो म्हणे. हरकत खोटी नव्हे. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, हे बायबलातच यहेज्केल संदेष्ट्याने बजावले आहे. यावर ख्रिस्ती माणसाचे उत्तर असे, की क्रुसावर कुणी तिऱ्हाईत धरून आणलेला नव्हता. न्यायासनावरून स्वतः न्यायाधीशच खाली उतरला होता. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. पण त्यात न्यायाला फसवलेले नाही आणि दयेलाही हाकलून दिलेले नाही, हे मला मानावे लागते.

मराठी बायबलात यासाठी आपलाच 'प्रायश्चित्त' हा शब्द आला आहे. आपल्या धर्मशास्त्रात ज्याने पाप केले त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचे. त्यांच्याकडे ते दुसरा घेतो. शब्द एकच, वाट वेगळी. पण पाप फुकट फिटत नाही, याबद्दल दोघांचेही एकमत! आपला कर्मसिद्धांत तरी दुसरे काय सांगतो?

लक्ष्मीपूजनाला दुकानदार नव्या वहीला हळदकुंकू वाहतो. एखाद्या गरिबाची जुनी उधारी तो त्या दिवशी सोडूनही देतो. गरीब घरी जाऊन पणती लावतो, मुलांना लाडू देतो. पण ती रक्कम हवेत विरत नाही. दुकानदाराच्या नफ्यातून तेवढी कमी होते. वहीत खोड एका ओळीवर पडते, झीज दुसऱ्याच्या पदरी येते. वाचकहो, या दिवाळीत कुणी तुम्हाला मनापासून माफ केले, तर फराळाचे ताट पुढे ओढण्यापूर्वी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहा. किंमत तिथे लिहिलेली असते.