पाणथळीवर माणसं हवीत

पाणथळीचं भलं व्हायचं असेल तर माणसांनी तिकडे फिरकूच नये, असं मी बरीच वर्षं मानत आले. नांदूर मध्यमेश्वरला कधी जावं, कुठं उभं राहावं, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. आता मी लोकांना आवर्जून जा म्हणते आणि निघण्याआधी काय तयारी करायची तेही सांगते. मत बदललं, पण त्यामागची भीती खोटी नव्हती. ती आजही आहे.

हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या कडेला काय चालतं ते मी पाहिलं आहे. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून माणसं टाळ्या वाजवतात, खडा भिरकावतात. थवा उठतो, सगळे खूश होतात. ती बदकं मध्य आशियातून, सैबेरियातून आलेली असतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. नेमक्या त्याच दिवसांत त्यांना पुन्हा पुन्हा उठवलं, तर चरण्याचा वेळही जातो आणि साठवलेली ताकदही. हे कळल्यावर माणसांना लांब ठेवावं असंच वाटणार.

पण नांदूर मध्यमेश्वर जपलं गेलं ते कशामुळे, याचा विचार करू लागले तेव्हा हे मत टिकेना. ही जागा मुळात माणसाच्या हातून घडली. इंग्रजांच्या काळात निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत ही जागा रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली. त्या यादीचे निकष मी नीट वाचले. नियमितपणे 20,000 किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला निदान 1 टक्का तिथं राहत असेल, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. हे आकडे कोण आणतं? थंडीत पहाटे उठून दुर्बीण लावणारी साधी माणसं. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, ती मुख्यतः स्वयंसेवकांच्याच जोरावर. जिथं कुणी मोजायला जात नाही, ती पाणथळ कागदावर पडीक जमीन म्हणून राहते. भराव पडला तर तिथं काय होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

गावातला एक तरुण वाटाड्या मला म्हणाला होता, “लोक येतात म्हणून आम्ही पाण्यावर लक्ष ठेवतो, ताई. नाहीतर रात्री कोण जाळं लावून गेलं, कोण बघणार?” माझ्या सगळ्या युक्तिवादात ही बाजू कधी आलीच नव्हती.

म्हणून आता तयारीवर भर. सगळ्यात आधी पाणी किती आहे ते गावात फोन करून विचारावं. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की पातळी चढते, चिखलाचे पट्टे बुडतात आणि तिथं चोच खुपसणारे छोटे पक्षी दुसरीकडे जातात. पाणी उतरलेलं असेल तर चिखलात उतरून जवळ जायचा मोह होतो, तो टाळायचा. वाटाड्या स्थानिकच घ्यावा आणि त्याला ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत. कपडे मातकट रंगाचे घालावेत. पांढरा रंग फार दुरून दिसतो. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडली की साध्या 8×42 दुर्बिणीतूनही थापट्याची चपटी चोच आणि शेकाट्याचे लाल पाय स्वच्छ दिसतात. मंडळी जास्त असतील तर सर्वांत मिळून एक टेलिस्कोप न्यावा. त्यावर केलेला खर्च मला कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सपेक्षा सार्थ वाटतो, कारण त्यामुळे पाय जागच्या जागी राहतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नये, ड्रोन तर घरीच ठेवावा. उसाच्या, कांद्याच्या बांधावरून जायचं तर शेतकऱ्याला विचारून जावं.

आणि किती जवळ जायचं? मीटरमध्ये मोजलेलं अंतर मला पटत नाही. वारा, पाणी, थव्याचा आकार यांवर ते रोज बदलतं. पक्ष्यांकडे पाहावं. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, सगळा थवा हळूहळू एका बाजूला सरकू लागला, की आपण जवळ आलो आहोत. तिथून मागे सरावं, पक्षी उडेपर्यंत थांबू नये. हे एवढं शिकलेली माणसं कितीही आली तरी आता माझी हरकत नाही.

घरट्यांच्या बाबतीत मात्र मत बदललेलं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या रेतीवर नदी सुरय, आर्ली, टिटवी अंडी घालतात. खळगा कसला, नुसती जमीनच, आणि अंडी तिच्याच रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आई उठली की त्या उन्हात अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. त्या दिवसांत मी कुणाला बेटांकडे नेत नाही. नोंदीत जात आणि संख्या लिहिते. जागा फक्त वनरक्षकाला कळवते, म्हणजे गुरं आणि कुत्री तिकडे जाऊ नयेत यासाठी त्यांना काही करता येतं.