खुंटीवरची किल्ली

आमच्या माजघराच्या दारापाशीं एक जुनी लांकडी खुंटी आहे. वडिलांच्या वेळीं तिच्यावर त्यांचें उपरणें आणि छत्री असे. पुढें तिच्यावर दुचाकीची किल्ली आली. अकरा माणसांच्या आमच्या एकत्र कुटुंबांत ही दुचाकी कोणा एकाची नव्हती. कागदोपत्रीं ती माझ्या नांवावर, हप्ते थोरल्या मुलानें फेडले, पेट्रोल धाकट्यानें भरावें, आणि ज्याला निकड असेल त्यानें ती न्यावी, असा शिरस्ता होता. एकत्र कुटुंबाची खरी सोय ती हीच, असें मी चारचौघांत अभिमानानें सांगत असें. त्या सोयीच्या पोटांत काय दडलें होतें, तें मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं कळलें. तेंच आज वाचकांपुढें, विशेषतः माझ्यासारख्या वडीलधाऱ्या मंडळींपुढें, ठेवावयाचें आहे.

मीं तीस वर्षें शाळेंत नागरिकशास्त्र शिकविलें. तेव्हां कायदा ठाऊक नव्हता, असें म्हणण्याची सोय मला नाहीं. मोटारींविषयींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं. आणि सध्यांचा आहे तो १९८८ चा. अठरा वर्षें पुरीं झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवूं नये, असें तो स्पष्ट सांगतो. पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाची लहानशी दुचाकी तेवढी परवाना काढून सोळाव्या वर्षानंतर चालवितां येते. आमची गाडी होती एकशें दहा सीसीची, आणि आमचा नातू होता पंधरा वर्षांचा.

तरीहि तो ती चालवीत असे. प्रथम अंगणांत, मग गल्लींत, मग शिकवणीपर्यंत. कोणीं परवानगी दिली, असें विचारलें असतें तर उत्तर मिळालें नसतें. आईला वाटे, त्याच्या वडिलांनीं सांगितलें असेल. वडिलांना वाटे, आजोबांना चालत असेल. आणि आजोबा वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलेले. मुलगा हुशार आहे, सांवकाश चालवितो, एवढ्यावर आम्हां सर्वांचें समाधान होतें.

१९ मे २०२४ रोजीं पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका मोटारीच्या धडकेंत दुचाकीवरील एक तरुण आणि एक तरुणी, दोघेंहि अभियंते, मृत्युमुखीं पडलीं. मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हातीं होती, असा आरोप होता. त्याला प्रथम जामीन देतांना तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि त्यावर सगळा महाराष्ट्र संतापला. आमच्या घरींहि सकाळच्या चहाबरोबर त्या मुलाच्या वडिलधाऱ्यांचा यथेच्छ उद्धार होत असे. त्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता. माझ्या पाठीमागें, चार हातांवर, खुंटीला किल्ली लोंबत होती. पण तिच्याकडे वळून पाहण्याचें कोणाला सुचलें नाहीं.

त्याच वर्षींच्या श्रावणांत आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. गुरुजी येऊन बसले, आणि नारळ आणावयाचे राहिले असें सूनबाईंच्या ध्यानांत आलें. मुलगे बाहेर गेलेले. मीं स्वतः उठून खुंटीवरची किल्ली काढली आणि नातवाच्या हातांत दिली. "जा रे बाळ, चट्कन घेऊन ये," एवढेंच मी म्हणालों. पाऊस नुकताच भुरभुरून गेला होता. गल्लीच्या तोंडाशीं वळतांना समोरून दारावर फुलें देणाऱ्या मावशी येत होत्या. त्यानें एकदम ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर चाक घसरलें, आणि गाडी त्यांच्या अंगावर गेली. मावशींच्या मनगटाचें हाड मोडलें. त्यांची फुलें रस्ताभर पसरलीं होतीं, हें चित्र अजून डोळ्यांपुढून हालत नाहीं.

मावशींना दवाखान्यांत नेऊन हात प्लास्टरांत घालून आणला. पूजा तशीच राहिली. रात्रीं माजघरांत सर्व मंडळी जमली. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार कायद्यांत जी सुधारणा अमलांत आली, तिचें एक कलम धाकट्या मुलानें वाचून दाखविलें. अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं. मालकाची संमति होती, असेंच न्यायालय गृहीत धरतें. मात्र आपल्याला हें माहीत नव्हतें, किंवा तें होऊं नये म्हणून आपण शक्य ती खबरदारी घेतली होती, असें सिद्ध करणारास त्यांतून सुटका आहे.

"मग झालें तर!" धाकटा म्हणाला. "त्यानें न विचारतां नेली, असें सांगावें. आप्पा, या वयांत तुम्हांला कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावावयाच्या का?"

कोणीं कांहीं बोललें नाहीं. खरें सांगतों, क्षणभर मलाहि तें बरें वाटलें. इतक्यांत माझें लक्ष दाराकडे गेलें. गुडघ्यास पट्टी बांधलेला नातू तेथें उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता. आजोबा काय म्हणतात, एवढेंच त्याला ऐकावयाचें होतें. तीस वर्षांत वर्गांतील कोणत्याहि मुलानें माझा धडा इतक्या लक्षपूर्वक ऐकला नव्हता.

दुसरे दिवशीं हवालदार आले. इतर सर्व विचारून झाल्यावर त्यांनीं वही उघडली आणि म्हटलें, "चावी कोणी दिली?" एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें तें कोणाचेंच नसतें, कायदा मात्र एकच नांव विचारतो. मीं माझें सांगितलें.

मावशींची तक्रार नव्हती. "लेकरू हाय, चुकतंय येकांदं," असें त्या म्हणाल्या. त्यांच्या या मोठेपणानें आमच्या घरांत पुष्कळांना हायसें वाटलें. मला अधिक लाज वाटली. आपल्या चुकीची फेड दुसऱ्याच्या चांगुलपणानें करून घेणें यासारखी स्वस्त गोष्ट नाहीं. रस्त्यावरील परक्या माणसाचें नुकसान भरून निघावें म्हणून कायद्यानें प्रत्येक वाहनाचा विमा सक्तीचा केला आहे. पण चालविणारापाशीं परवाना नसेल तर विमा कंपनी तंटा उपस्थित करूं शकते. म्हणजे आम्हीं किल्ली दिली तेव्हां केवळ नातवाच्याच जिवाशीं नव्हे, तर मावशींच्या भाकरीशींहि खेळलों. हात बरा होईपर्यंतचें त्यांचें रोजचें उत्पन्न आम्ही पोंचतें केलें. तो उपकार नव्हे, देणें होतें.

२०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांत दुचाकीस्वारच शेंकडा चव्वेचाळिसांहून अधिक होते. असे आंकडे वाचून आपण सरकारला दोष देतों, आणि रस्ते, खड्डे, पोलीस यांविषयीं तो पुष्कळदां यथार्थहि असतो. परंतु सरकारचा हवालदार चौकांत उभा राहूं शकतो, आपल्या माजघरांत नाहीं. तेथें पहारा आपलाच. आणि आपण बहुधा तो मायेपोटीं सोडून देतों.

प्रकरण अजून न्यायालयांत आहे. जो निकाल लागेल तो मला मान्य आहे. नातू शिकवणीस पायीं जातो, परवा त्यानें मला विचारलें, "आप्पा, तुम्हांला भीति नाहीं वाटली?" मी म्हणालों, "वाटली. तुझी." त्याला तें कितपत कळलें कोण जाणे.

खुंटी आतां रिकामी आहे. वाचकांनीं आपापल्या घरच्या खुंटीकडे एकवार वळून पाहावें, एवढीच या म्हाताऱ्या शिक्षकाची विनंति.